आबांचे सरळ सूर

कोल्हापूर, ४ जून २००३

चि. कृष्णातास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पुण्यात राहून तुझं अक्षर मात्र आणखी बिघडलंय.

आबांचा उजवा गाल अजून लुळाच आहे. सनई तोंडाला लावली की वारा ओठाच्या कडेनं निसटतो. आता सूर लागायचा नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आबांना ते न सांगताच कळलंय. परवा म्हणाले, एकदा माझी सनई मला ऐकायचीय. देवळात त्यांनी चाळीस वर्षं वाजवली, पण कधी कुणाला टेप करू दिली नाही; तुझ्या कीबोर्डसाठी तेवढी वाजवली. त्यातलं काही कॅसेटवर भरून पाठव. त्यांचा मुलगा म्हणून एवढं कर.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
अक्का

पुणे, १२ जून २००३

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कॅसेट पाठवतोय, पण लाज वाटतेय. कळ दाबली की आबांचा सूर वाजावा, म्हणून कीबोर्डात भरायला मला एकेक सूर सुटा हवा होता. आबा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे आणि मी त्यांना थांबवायचो. हलवू नका, सरळ धरा, बाकीचं मशीन करेल, असं मी त्यांना शिकवलं. रागावले, तरी माझ्यासाठी चोवीस सूर सरळ धरले. ते सूर आबांचेच आहेत, पण दोन सुरांमधले आबा मी घेतलेच नाहीत.

त्याच सुरांतून 'अ' बाजूवर भूप वाजवलाय. 'ब'वर तोच भूप नव्या कीबोर्डवर आहे. त्यात कुणाचंच रेकॉर्डिंग नसतं; नळी, पत्ती, फुंक सगळं गणितानं तयार होतं. सूर छान घसरतो, पण तो कुणाचाच नाही. 'ब' तुझ्यापुरती. आबांना 'अ'च ऐकव.

माया पातळ करू नकोस,
कृष्णात

कोल्हापूर, २३ जून २००३

चि. कृष्णातास अनेक आशीर्वाद.

'अ' लावली. आबा थोडं ऐकून म्हणाले, कोण नवशिका आहे हा? तुमचीच सनई आहे म्हटल्यावर चिडले. मला त्यांचं तोंड बघवेना. मी बाजू उलटली.

त्यांची बोटं गोधडीवर फिरायला लागली. डोळे भरून आले. म्हणाले, "ह्यो मी हाय."

मी व्हय म्हणाले. आता रोज तीच लावायला सांगतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. तुला निरोप आहे, कीबोर्डातलं ते पहिलं पुसून टाक. दुसऱ्याचं कच्चं वाजवणं आपल्या नावावर नको.

माझ्यावर रागावू नकोस.
अक्का

पुणे, २ जुलै २००३

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पुसलं म्हणून आबांना सांग. पुसलेलं नाही. काल चोवीसही सूर एकेक करून ऐकले. फुंकण्याआधी आबा श्वास घ्यायचे, तो तरी कुठं सापडेल म्हणून शोधत होतो. तोही मी तेव्हा खरखर समजून कापला होता.

कृष्णात