कालवडीच्या मृत्यूचे खरे कारण आणि मोठ्या जावेवरील ठपका

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
पशुपैदास केंद्र.

विषय : वासरांच्या न्यूमोनियाच्या चौकशीत दिलेला खोटा जबाब मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपला अहवाल व त्यावरून निघालेला, दूध पाजणाऱ्या बाईस कामावरून कमी केल्याचा आदेश.

महोदय,

अर्जदार ही वासरांच्या गोठ्याची मुकादम आहे. कमी केलेली बाई तिची मोठी जाऊ. थंड दूध पाजल्यामुळे कालवड न्यूमोनियाने दगावली, असे अहवालात आहे. तसा जबाब अर्जदारानेच दिला होता. तो खोटा आहे.

१. थंडी वाढली तेव्हा वासरांना वारा लागू नये म्हणून अर्जदाराने गोठ्याच्या सगळ्या खिडक्यांना ताडपत्री ठोकली. हेतू मायेचा होता. परंतु खालचे गवत मुताने ओले आणि हवा कोंडलेली. आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरत. "एक तरी खिडकी उघड गं, इथं माणसाचा जीव गुदमरतो," असे जाऊ म्हणाली. तिला कामचुकारपणाला निमित्त हवे आहे, असे अर्जदाराने चारचौघांत सुनावले.

२. पुढे कालवड खोकू लागली, नाक गळू लागले, भात्यासारख्या कुशी हलू लागल्या. आपणांस बोलावणे हे मुकादमाचे काम होते. पण आपण आला असता तर ताडपत्री दिसली असती. म्हणून अर्जदाराने घरचा काढा केला, कालवडीची मान उंच धरली आणि नळीने घशात ओतला. ती ठसकली, तरी उरलेलाही ओतला. तो श्वासनळीत गेला असावा. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही.

३. आपण येण्याआधी अर्जदाराने ताडपत्री उतरवून वैरणीखाली दडवली. दूध कोण पाजते, एवढेच आपण विचारले आणि अर्जदाराचे बोट जावेकडे गेले; ती दूध थंडच पाजते, असेही अर्जदाराने सांगितले. जावेने अर्जदाराकडे एकदा पाहिले आणि हातातली बादली खाली ठेवली. नव्या वासराला जन्मल्याबरोबर चीक कसा पाजायचा, हे अर्जदारास लग्नानंतर तिनेच शिकवले होते.

४. आपली इंजेक्शने, कोरडे गवत आणि आजारी वासरे वेगळी बांधणे, यांमुळे बाकीची सावरली. धाकटा गोऱ्हा मात्र अर्जदाराच्या हातची बाटली तोंडात धरत नाही. घरी जाऊ अर्जदाराचे ताट रोज वाढून झाकून ठेवते आणि आत निघून जाते. तिने शिव्या घातल्या असत्या तर कदाचित हा अर्ज लिहिण्याची वेळ आली नसती.

सबब विनंती की, कोंडलेली हवा, ओली जमीन, उपचारास केलेला उशीर व चुकीच्या रीतीने पाजलेला काढा, अशी कारणे अहवालात लिहावीत. जावेस कामावर घ्यावे. तिला मुकादम करावे आणि अर्जदारास शेण काढण्यास ठेवावे. तेही नियमात बसत नसल्यास अर्जदारास काढून टाकावे. परंतु त्याआधी हा अर्ज जावेसमक्ष मोठ्याने वाचावा, कारण घरी अर्जदाराच्या तोंडून शब्द फुटत नाही.

एवढे होऊनही जाऊ अर्जदाराशी बोलेलच असे नाही. तो विषय आपल्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे.

होईल ती शिक्षा मान्य असलेली,
आपली नम्र,
(सही)
मुकादम, वासरांचा गोठा
दिनांक : आजचा, सोमवार