लाल रेघेवरचा काटा

प्रिय,

सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, खाडाखोड तुला चालत नाही.

तू दौऱ्यावर गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा गाडीत पेट्रोल भरायला गेले. पाच वर्षं ते काम तुझं. पेट्रोलचा काटा लाल रेघेवर होता, तरी गाडी काढली. थोडंसं गेलं नाही तोच पंपावरची बाई म्हणाली, ताई, टाकी काठोकाठ झाली, आता काय पर्समध्ये ओतू? काटा मात्र पाव टाकीच्या वर चढेना.

तिथून गॅरेजात गेले. गॅरेजवाले काका म्हणाले, पेट्रोल मोजणारा सेन्सर गेला असणार, जुन्या गाडीत जातोच. त्यांनी मागची सीट उचलली, टाकीचं झाकण खोलून सेन्सर बाहेर काढला आणि मला पुढे काट्याकडे बघत बसवलं. मग सेन्सरची तार हाताने वर केली. काटा पार वर गेला. खाली केली, खाली आला. सेन्सर ठणठणीत, वायर ठणठणीत. नवा सेन्सर शेजारी ठेवला तेव्हा दिसलं. ज्या तारेच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, ती मधोमध वाकवलेली. टाकी पाऊण भरलेली असतानाच काटा लाल रेघेवर. हे आपोआप होत नाही, काका म्हणाले, आधीच्या मालकाचे उद्योग.

मीही तेच म्हणाले. पण तारेवर पक्कडीच्या दातांचे वळ होते, मधला एक दात नसलेले. आपल्या पक्कडीचा तो दात लग्नाच्या पहिल्या वर्षी खिळा उपटताना माझ्या हातून मोडला. आठवडाभर ऐकवलं होतंस. आणि गाडी आणली त्या रविवारी तासभर तू मागच्या सीटवर वाकून होतास. माझ्यासाठीच घेतली होतीस ना ती?

आईचं घर ऐंशी किलोमीटर. ही गाडी पेट्रोल पिते, काटा लाल रेघेवर असताना काढलीस तर पंपापर्यंतही जाणार नाही, वाटेत बसशील बोंबलत, असं तू म्हणायचास. आई फोनवर विचारायची, गाडी आहे ना गं दारात? शोभेची आहे, मी म्हणायचे, आणि दोघी हसायचो.

तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तो दिवस आठव. सकाळचे अकरा. आईला धाप लागली होती, माझं नाव घेत होती. काटा लाल रेघेवर. भाड्याची गाडी मिळेना. तुझा फोन बंद. मी चपला घालून पायरीवर बसून राहिले. तू पाचला आलास. आधी पंपावर थांबू म्हणालास. मला आतच बस म्हणालास. आणि किती लवकर परत आलास. मला वाटलं, माझ्यासाठी घाई केलीस. आपण पोचलो तेव्हा काकूंनी चादर आईच्या तोंडावर ओढली होती.

काकांनी तार सरळ करून दिली. आज सकाळी मी एकटी आईच्या घरी आले. कुलूप गंजलं होतं, पण उघडलं. काटा अजून पाऊणच्या वर आहे. परत येण्याइतकं पेट्रोल आहे. नाहीतर तू सगळ्यांना सांगशील, गाडी वाटेत बंद पडली असेल. म्हणून लिहून कळवते. मी येणार नाही.

पक्कड तिकडे, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून आले आहे.

तुझी होते, ती