आईचं कानाचं मशीन

रविवार, दुपार
आयसीयूबाहेरचा बाक

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देते आहे. ती आईसाठी मऊ मोजे घेऊन आली आहे. तुझ्या वाट्याचं भेटणंही तीच करून निघाली आहे.

आत एकालाच सोडतात, तेही गळ्यात पास असेल तर. सकाळी मामांना दिला. बाहेर येऊन त्यांनी लगेच मावशीला फोन लावला, "आता काही खरं नाही गं." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी पास परत काढून घेतला.

झोपेचं औषध थांबवलंय, तरी हाकेला प्रतिसाद नाही, असं डॉक्टर म्हणतात. तेवढं ऐकून तू त्यांना परस्पर कळवलंस, श्वासाची नळी काढा, तिचे हाल नकोत. मला न विचारता?

अरे, पण आपली आई बहिरी आहे! मशीनशिवाय तिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, डॉक्टरांची हाक कुठून येणार? दाखल करताना सिस्टरनी तिचा चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन पिशवीत घालून दिलं होतं. ती पिशवी "हरवायला नको" म्हणून तूच घरी नेलीस. असेल तुझ्या कपाटात, अगदी कुलपात.

डॉक्टरांना हे सांगितलं, तर म्हणाले, "आधी का नाही बोललात? आणा, लावून बघू." तोवर मी तिच्या कानाशी ओरडते. काल सिस्टरनी "अहो ताई, हा काय बाजार आहे?" म्हणून बाहेर काढलं. आज पुन्हा ओरडले, "आई, तुझ्या भाजीत मीठ जास्त असतं!" एरवी एवढ्यावर ती दिवसभर भांडली असती. तिची भुवई वर गेली.

गेली, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगते आहे. तुला मात्र खरं लिहिते. मला नक्की माहीत नाही. डोळे भरून आले होते, नीट दिसलं नाही. मला फार भीती वाटते रे. कदाचित तुझंच बरोबर असेल. पण जिला हाक ऐकूच गेली नाही, तिने ओ दिली नाही म्हणून मी तिला सोडणार नाही.

मशीन घेऊन तू स्वतः ये. नवा सेल टाकून आण. तिच्या कानात घाल आणि डॉक्टरांना जे कळवलंस, ते तिला ऐकू जाईल असं तुझ्या तोंडाने सांग. त्यानंतरही ती गप्प राहिली, तर नळी काढायला मी सही करीन.

तू आलास की पास पहिला तुला. तोवर तो माझ्या गळ्यातून कुणी काढून दाखवावा.

तुझी,
घसा बसलेली धाकटी