बंद दुकानातली विक्री

प्रिय कृष्णात,

क्षमावणीच्या सकाळी सगळ्यांची क्षमा मागून मी मंदिरातून आलो, कपडे बदलले आणि संगणकावरचं कापड काढलं. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत आमच्या घरात धंदा होत नाही, ही वडिलांपासूनची रीत तुला ठाऊकच आहे. पूर्वी पेठेतल्या दुकानाला कुलूप लागायचं, आता वेबसाइटवर ‘दुकान बंद आहे’ अशी पाटी लागते, एवढाच फरक. पाटी जागेवर होती. नवी ऑर्डर एकही नव्हती. पर्व निर्मळ पार पडलं म्हणून मी मनात हात जोडले.

तेवढ्यात कडेगावहून सुंदरीचा, माझ्या मेव्हणीचा, फोन आला. उत्तम क्षमा म्हणून झालं आणि ती हसत म्हणाली, “दाजी, हळद कवा यायची? का मेव्हणीची ऑर्डर म्हणून मागं ठेवली?” मी म्हणालो, दुकान बंद होतं. “आवं, बंद कुठलं? कार्डाचा नंबर घातला, पैसं भरलं की मी!”

कृष्णात, आपण कार्ड घेतच नाही, पैसे फक्त यूपीआयनं घेतो. बायकोचा, प्रभावतीचा, फोन घेऊन त्यावर आपलं दुकान उघडलं. ते चालू होतं. माझ्या संगणकावर त्याच क्षणी ते बंद होतं. चालू दुकानात माझंच नाव, माझ्याच हळदीचा फोटो, माझेच बेदाणे, आणि शेवटी कार्डाचा नंबर मागणारं एक पान, जे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मालक म्हणून आत शिरलं की ते पान दिसत नाही, गिऱ्हाईक म्हणून गेलं की दिसतं. आपल्याच घरात कुणीतरी राहतंय आणि आपण खोलीत गेलो की ते दुसऱ्या खोलीत सरकतंय, असं मला वाटलं.

तू त्याच दिवशी मोटारसायकल काढून वडूजहून आलास, हे मी विसरणार नाही. एकेक प्लगिन बंद करून बघितलंस, थीम बदललीस, पासवर्ड बदललेस. ते पान नाहीसं झालं. प्रभावतीनं उजेड आहे तोवर आपल्याला जेवायला वाढलं. “तुमच्यात दिवस बुडायच्या आत जेवायचं, म्हंजे चोराला रात मोकळीच,” असं तू म्हणालास आणि आपण हसलो. दुसऱ्या सकाळी ते पान परत आलं होतं. शिवाय मालकांच्या यादीत माझ्या नावाखाली आणखी एक अनोळखी नाव होतं. पुसलं की जायचं, थोड्या वेळानं पुन्हा उगवायचं. जुना बॅकअप लावला, तर त्यातही ते होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते आत निजलेलं होतं.

हे सॉफ्टवेअर आपण दोघांनी निवडलं. ओपन सोर्स आहे, जगातली माणसं त्याचा कोड वाचतात, दुरुस्त करतात, हे तू सांगितलंस ते मला पटलं होतं. देवळाच्या कामासारखं, सगळ्यांनी हात लावून उभं केलेलं. दोष त्याचा नव्हताच. पैसे भरण्यासाठी वरून जोडायचं प्लगिन तेवढं विकतचं होतं. त्याची फुकट प्रत तू कुठल्याशा साइटवरून उतरवलीस. विकतची वस्तू कुणी फुकट का वाटतंय, असं मी विचारलं, तर तू म्हणालास, “सगळी वापरत्यात की. तू लय शंका काढतोस, गड्या.”

गिऱ्हाइकांना कळवू या, असं मी त्याच दिवशी म्हणालो होतो. तू माझा हात धरलास. कडेगाव, विटा, वडूज, सगळीकडच्यांची ऑनलाइन दुकानं तूच उभी केलीस आणि सगळ्यांत तीच प्रत घातलीस, हे तेव्हा मला कळलं. “आत्ताशी कुठं बस्तान बसलंय. बोंब झाली तर मला परत कोचीनला जाऊन सोनं गाळायची भट्टी फुंकावी लागंल. थोडं थांब, मी एकेक साफ करतो.” मी थांबलो.

मग हरणाबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा त्याच गलाईच्या धंद्यात कोइमतूरला असतो, त्या त्याच्याकडेच राहतात. त्यांची ओळख तूच करून दिली होतीस. त्यांचं बँकेतलं खातं रिकामं झालं. भांडतील असं वाटलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, “दूरदेशात आपल्याकडचं नाव दिसलं, म्हणून भरलं ओ.”

सांगलीला साक्षी कांबळे हेच काम करते. तिच्याकडून सगळं पुसून कोरं बसवून घेतलं. सॉफ्टवेअर तेच ठेवलं, पण प्रत्येक प्लगिन मूळ ठिकाणाहून आणलं. काम झाल्यावर मी तिला तुझी बाकीची दुकानं उघडायला सांगितली. मनात म्हणत होतो, देवा, हे पान दिसू नये. पहिल्या दुकानात दिसलं. दुसऱ्यात दिसलं. तिसरं तुझ्या सख्ख्या भावाचं, शिवतेजचं. त्यातही कार्डाचा नंबर मागितला. मी तिथूनच तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. त्यानंतर रोज लावतोय. एकदा उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास.

तुला सुरुवातीपासून ठाऊक होतं, असं मी मानत नाही. पण आता तुला ठाऊक आहे, आणि ती दुकानं अजून चालू आहेत. हे पत्र वाचशील त्या वेळीही कुणीतरी माउली लांबच्या गावात बसून एकेक आकडा भरत असेल.

फोन तू घेत नाहीस, म्हणून उद्या वडूजला येणाऱ्या टेम्पोवाल्या भाऊसोच्या हाती हे पत्र देतोय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. सगळी दुकानं आधी स्वतःच्या हातानं बंद कर. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी काल कळवलं. आज सकाळी अभिषेक झाल्यावर सांगलीला गेलो आणि सायबर पोलिसांत तक्रार दिली. दुकानांची नावं सांगितली. ती उभी कुणी केली, असं साहेबांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

अजूनही तुझाच,
भरतेश