ज्या बायका पाणी भरतात

११ जानेवारी १९८३

आज आणलं – ज्वारी दहा किलो, अठरा रुपये. रॉकेल पाच लिटर, नऊ रुपये. घागर एक, अकरा रुपये – जुनीला आता डाग देण्यात अर्थ नाही, भोकाला भोक लागलंय. इंग्रजी व्याकरणाचं जुनं पुस्तक, पाशामियाँच्या रद्दीतून, बारा आणे.

पुस्तक सुनेसाठी. सिंधु मॅट्रिकला इंग्रजीत राहिली, तेवढ्यात लग्न लागलं. माझा लेक भीमाशंकर काविळीनं गेला त्याला दोन वर्षं झाली. आता मार्चमध्ये परत बसते म्हणते. शिकवणार मी – आमचे हे गेल्यापासून या घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच.

वीरण्णाभाऊजींनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. "वैनी, दुष्काळात इंग्रजी?" म्हटलं, पाऊस पडला असता तर वेळ कुठं मिळाला असता! हसले. दीर आहेत, घर त्यांच्यावर चालतं, पण कधी वाकडं बोलले नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

वाणाला आम्हा दोघींना कोण बोलावतं! बरंच झालं, दुपार मोकळी मिळाली.

आपण आधी 'ज्या' म्हणतो, मग बायका. ज्या बायका पाणी भरतात त्या. इंग्रजीत आधी बायका उभ्या करायच्या, त्या काय करतात ते मागून जोडायचं – विमेन हू कॅरी वॉटर. सिंधु 'ज्या' धरून सुरू करते नि तिथंच अडते. "आत्याबाई, कोणत्या बायका ते कळायच्या आधीच बायका कशा सांगायच्या?" मलाही नीट सांगता येईना.

२० जानेवारी

टँकर आला नाही. रांग होती. नवा जिल्हा झाला, कलेक्टर आले, पाट्या बदलल्या! शेजारची हुसेनबी म्हणते, "जिल्हा तो लातूर आया, पानी उस्मानाबादमेंच रह गया क्या?"

धडा रांगेतच घेतला. एक बाई असली तर क्रियापदाला मागं 'स' लागतो – वुमन हू वेट्स. अनेक असल्या तर नाही – विमेन हू वेट. हुसेनबी घागरीवर बसून ऐकत होती. "अकेली के पिच्छे दुम, और दस जनियाँ के पिच्छे कुच नै? उलटाच हिसाब है अंग्रेज का!" सगळी रांग हसली. मग जिला तिला आपलं वाक्य हवं. मागून कुणीतरी – "आमचं घ्या की, जे नवरे झोपतेत!" सिंधुनं एका दमात सांगितलं – हजबंड्स हू स्लीप. अडली नाही!

टँकर माणूस नाही म्हणून त्याला 'हू' चालत नाही, 'विच'. टँकर्स विच कम लेट. हे तर सगळ्या रांगेचं पाठ झालं.

६ फेब्रुवारी

तिनं वही दाखवली. बापाबद्दल, भाऊजींबद्दल लिहिताना सगळीकडं क्रियापद अनेकवचनी. माय फादर हू लिव्ह इन देवणी. म्हटलं, बाप एकच ना तुला? तर म्हणते, "मग त्यांना अरेतुरे कसं लिहू?" इंग्रजाकडं मान दाखवायची सोय नाही, त्याला आपण काय करणार. दुरुस्त केलं तिनं, पण 'स' लिहिताना जीभ चावली.

१९ फेब्रुवारी

हुसेनबीचा भाऊ रेल्वेत आहे, किनवटला. तो सांगत होता – तिकडं जंगलातल्या पोरींचं वसतिगृह आहे, लहान पोरींना शिकवायला बाई हवी. राहणं-जेवणं तिथंच. मॅट्रिक पास पाहिजे.

सिंधु चुलीपाशी ऐकत होती. भाकरी करपली तिची.

२ मार्च

तिचे वडील गुरुपादप्पा देवणीहून आले. विडा घेऊन.

आमच्यात विधवेची उडकी, म्हणजे दुसरं लग्न, लावायची तर माहेरचे सासूपुढं विडा ठेवतात. सासूनं उचलला की सून मोकळी झाली, दुसरं घर करायला. परत दिला तर नाही. मधलं काही नसतं. स्थळ निलंग्याकडचं, बिजवर, तीन लेकरं, किराणा दुकान.

"विहीणबाई, मी काय जन्माला पुरणार हाय का? पोरीला आधार नको?" वाईट माणूस नाही तो.

मी विडा उचलला नाही. परतही दिला नाही. म्हटलं, निकाल लागू द्या. भाऊजी म्हणाले, "वैनी, असं कुठं असतंय का?" म्हटलं, नसेल. देवळीत ठेवते.

नंतर सिंधु चुलीपाशी आली. "मला त्या घरी जायचं न्हाई, आत्याबाई. पण तुम्ही उचललात तर जाईन."

एवढं ओझं कुणी कुणावर टाकावं का!

९ मार्च

इंग्रजीचा पेपर. दही दिलं हातावर. घरात पाणी एक तांब्या होतं, ते लिंगपूजेला.

२३ एप्रिल

आज पूजेत मनात आलं – ती नापास झाली नि मी विडा परत दिला, तर ती इथंच राहील. माझ्यापाशी. भीमाशंकराचं म्हणून तेवढंच उरलंय माझ्याकडं.

पूजेत आलं हे! लिंग हातात असताना! डोळे उघडून बसले. पुढं मंत्र आठवेना.

१५ मे

टँकर दोन दिवसांनी. विड्याची पानं काळी पडली. जाऊबाई शिवगंगा देवळी झाडते, पण त्याला हात लावत नाही.

२१ जून

पास! इंग्रजीत अडतीस!

हुसेनबीनं रांगेत साखर वाटली – रेशनची, स्वतःची. मी नको नको म्हणत होते. "चुप बैठो नीलाक्का, मेरी बी पढाई हुई है इसमें."

२४ जून

सिंधुचं किनवटच्या वसतिगृहात ठरलं. गुरुपादप्पा आले. विडा दोन्ही हातांनी परत दिला. पानं कडकडीत झाली होती, देताना चुरा सांडला. वाटलं चिडतील. उपरण्यानं डोळे पुसले नि म्हणाले, "मास्तरीण झाली म्हणा की." मग थोड्या वेळानं – "तिकडं जंगल हाय म्हणतेत."

भाऊजी म्हणाले, मी जाऊन सोडून येतो. ते असं म्हणतील असं वाटलं नव्हतं.

१ जुलै

गेली. लोखंडी पेटी, दोन लुगडी, पुस्तक. नमस्कार करताना म्हणाली, "तुम्ही काय करणार आता?" म्हटलं, करायचं काय, पाणी भरायचं.

१८ जुलै

पाऊस नाहीच. रांगेत मनातल्या मनात वाक्यं करत होते. हुसेनबीनं ओळखलं. "किस्कू सिखा रै अब?" म्हटलं, कुणाला नाही. "तो ओठाँ कायकू हिल रै?"

२ ऑगस्ट

सिंधुचं पत्र. पोरी पुष्कळ आहेत. गोंडी बोलतात, हिच्या मराठीला हसतात. ओढ्याला पाणी आहे म्हणे! मेट्रन काम सोडून गेली. लहानग्या पोरी संध्याकाळ झाली की आई आई करून रडतात, एकटीला आवरत नाहीत. वसतिगृहाच्या सरांनी विचारलंय – ओळखीत कुणी मॅट्रिक झालेली, वयस्कर, मागं पाश नसलेली बाई आहे का?

भाऊजींनी मोठ्यानं वाचलं. "अशी बाई कुठली मिळायला!" म्हणाले नि पत्र घडी करून माझ्याकडं दिलं. शिवगंगा भाकरी थापत होती. कुणीच माझ्याकडं पाहिलं नाही.

५ ऑगस्ट

शिवगंगेला घरचा हिशेब समजावून दिला. तिला वाटलं मी आजारी आहे.

मग कार्ड लिहिलं नि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. एवढंच लिहिलं – चि. सिंधु, अनेक आशीर्वाद. ती जागा भरली नसेल तर सरांना थांबायला सांग. मॅट्रिक मी आहे. उलट टपाली कळव.