वच्छलाबाईंचं स्टेज काढून घेताना

३ जानेवारी
इंग्रजी शिक्षक परिषदेचा मेसेज. यंदा बीडला प्रत्यक्ष, की ऑनलाइन? ग्रुपवर मतदान. गेल्या वर्षी स्टेजवर शाल-नारळ मिळाला उमापूरच्या वच्छलाबाईंना. चौतीस वर्षं ग्रामर घासलेली मी दाराशी बिल्ले वाटत होते. मला शालीची हाव नाही. पण या बाई स्टेजसाठी जगतात. ठरलं. स्टेजच नको.

५ जानेवारी
एकोणचाळीस फोन. कुणाला हायवेची धूळ सांगितली, कुणाला गुडघे. हरिबा सर म्हणाले, "म्याडम, आमी तर जेवायलाच येतो." त्यांना कोलेस्टेरॉल सांगितलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, सूडबुद्धी हे पाप आहे. सिस्टरना वच्छलाबाई भेटल्या नव्हत्या.

९ जानेवारी
जिंकले! ऑनलाइन ११८, प्रत्यक्ष ४१. वच्छलाबाईंचा फोन. "ताई, यंदाचं तरी समोरासमोर होऊ द्या की. कावून हट्ट करायलाव?" आवाज अगदी रडवेला. मी गोडीत सांगितलं, काळाबरोबर चालावं. झोप उत्तम लागली.

१२ जानेवारी
अध्यक्ष बद्रीनाथ सरांचाही फोन. फेरविचार करा, एक सरप्राइज आहे म्हणे. कळलं! बाईंना दुसरी शाल. ठणकावून 'नो' म्हटलं.

१८ जानेवारी, दुपारी
परिषद. पैठणी नेसून लॅपटॉपसमोर बसले, वच्छलाबाईंचा पडलेला चेहरा बघायला.
सरांनी जीवनगौरव जाहीर केला. माझं नाव. सुचवणाऱ्या वच्छलाबाई.
सर म्हणाले, शाल इकडेच राहिली, तेव्हा सत्कार घरच्यांनी करावा. सून सुरेखा स्वयंपाकघरातून धावत आली. हाताला लागला तो टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. हातात नारळ दिला. अर्धा. उरलेला चटणीत गेला होता. सगळ्या परिषदेने टाळ्या वाजवल्या. माइक बंद, त्यामुळे नुसते हात हलताना दिसले.
वच्छलाबाई डोळे पुसत होत्या. लोकांना वाटलं, भरून आलं. मी ओळखून आहे. हसत होत्या.

१९ जानेवारी
वच्छलाबाईंचा फोन. शाल त्यांनी सरांकडून आणून ठेवली आहे. स्वतः गेवराईला माझ्या घरी येऊन पांघरते म्हणाल्या. मी म्हटलं, कशाला उगाच, कुरियर करा. त्या 'बरं' म्हणाल्या.
इतक्या लवकर 'बरं' म्हणायची काय गरज होती?
उमापूरची एसटी चारला येते. तीनपासून दारात खुर्ची टाकून बसले आहे. पैठणी कालचीच. ऊन खातेय.