फोटोतलं निळं लुगडं

मद्रास, रविवार, दिवे लावल्यावर

आज पद्मीचा, माझ्या नातीचा, समुद्राचा फोटो कॉलेजात भिंतीवर लागला! मागचा मास्तरांनी परत केला तेव्हा पोरगी जेवली नव्हती.

त्या वेळी मी चंदनी रेशमी लुगडं नेसून, स्टुडिओत राहतात तशी मधोमध उभी. फोटो धुऊन आला तर वाळू, आभाळ आणि मी, सगळं एकच पांढुरकं.

या खेपेला म्हणाली, "आजी, स्वयंपाकातलं ते गडद निळं नेस. आणि कडेला जा, लाटेकडे तोंड करून."

"अय्यो, ते फोडणीचे डाग पडलेलं? आणि तोंड नको माझं?"

"डाग नाही दिसत गं इतक्या लांबून."

रुसले, पण उभी राहिले.

आज बघते तर सगळीकडे पांढरा फेस आणि कोपऱ्यात मी, बाळाच्या गालावर तीट लावावी तशी. माणसं तिथंच थांबत होती. पण तोंड दिसत नाही, मग त्यांना कळणार कसं? मीच सांगत सुटले, पाठ माझी आणि फोटो माझ्या पद्मीचा. "आजी, पुरे!" म्हणाली, पण हसत होती.

निळं लुगडं आत्ताच धुऊन वाळत घातलंय. उद्या पेटीत रेशमी लुगड्यांच्या वर ठेवीन. स्वयंपाकाला दुसरं काहीतरी बघू.